मादामना मी खुर्चीत बसवलं

घरी जाऊन आजारी माणसं सांभाळायची, हे काम मी बत्तीस वर्षं केलं. लोक याला आयाचं काम समजतात. मी रीतसर शिकलेली नर्स आहे, हे दर नव्या घरी एकदा सांगावं लागायचं, आणि सांगून झाल्यावरही कुणीतरी माझ्यासमोर भाजी निवडायला ठेवायचंच. मी निवडायची. भाजी निवडताना घर कळतं.

दवाखान्यातल्या नर्सला वर डॉक्टर असतो, शेजारी दुसरी सिस्टर असते. घरच्या नर्सला कुणी नसतं. नवीन घरी गेले की मी आधी रिपोर्टची फाइल उघडत नसे. पेशंटची नखं बघायची आणि तोंड उघडून दात, जीभ, टाळू बघायची. त्या दोन जागा पाहिल्या की त्या माणसाकडे घरातलं कुणी बघतं की नाही, ते समजतं. आजारी माणसाचं तोंड रोज दोनदा आतून पुसून घ्यावं लागतं. ते कुणाला आठवत नाही. माझ्या पेशंटच्या तोंडाला कधी वास आला नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

लोणावळ्यात लष्करातून निवृत्त झालेले एक साहेब होते. अर्धांगवायू झालेला, जीभ जड. बाईच्या हातून आंघोळ घेणार नाही म्हणून तीन दिवस तसेच राहिले. चौथ्या दिवशी मी त्यांच्यासमोर सरळ उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, तुम्ही हुकूम द्या, मी पाळते. त्यानंतर वर्षभर ते रोज सकाळी अंथरुणातूनच ओरडून हुकूम द्यायचे. शब्द कळायचे नाहीत, पण आवाज अख्ख्या गल्लीत जायचा.

सगळं असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बेडशाला एक आबा होते, गिळणं बंद झालेलं. मुलं, सुना जिवाला जीव देणारी, म्हणून नाकातून नळी घालून पोटात पेज सोडायचं ठरलं. आबांनी नळी चार वेळा उपसून काढली. पाचव्या वेळी मी मऊ धोतराच्या पट्टीनं त्यांचा हात खाटेला बांधला. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, घरच्यांची परवानगी होती. आबा त्यानंतर पंधरा दिवस जगले. ते पंधराही दिवस ते माझ्याकडे कसे बघायचे, ते मला नीट सांगता येणार नाही.

पण लिहायचं आहे ते मादामबद्दल. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही आणि पडद्यावरचंही लिहीत नाही. बाकीच्यांची नावंही बदलली आहेत.

कुसगावात हॉटेलांची रांग संपते तिथं आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांचा बंगला होता. त्यांचे यजमान प्रधानसाहेब इंजिनियर. तरुणपणी कामासाठी फ्रान्सला गेले होते आणि येताना या बाईंना लग्न करून घेऊन आले. मी कामाला लागले तेव्हा साहेबांना जाऊन चार वर्षं झाली होती, मादाम ऐंशीच्या घरात होत्या. पुण्यात राहणारा साहेबांचा पुतण्या निरंजन महिन्यातून एकदा यायचा, सगळं नीट बघायचा. घरात स्वयंपाकाला गावातल्याच हिरामावशी होत्या. त्या तरुण सून म्हणून गावात आल्या तेव्हापासून बंगल्यावर होत्या.

मादाम मराठी बोलायच्या, आणि ते मराठी हिरामावशींकडून शिकलेलं, त्यामुळं ते अस्सल मावळी होतं. दुधासारखी गोरी, निळ्या डोळ्यांची बाई व्हरांड्यातून हाक मारायची, "घझिया, हितं ये, तितं लय ऊन हाय." माझं नाव रझिया. त्यांचा र घशातून यायचा, म्हणून मी सहा वर्षं घझिया होते.

त्या सिनेनटी होत्या हे मला आधी तोंडावरून कळलं. त्यांचं तोंड साफ करताना दिसलं की वरच्या जबड्यातल्या दोन दाढा नाहीत, दोन्ही बाजूंना एकेक, अगदी मापात काढल्यासारख्या. मी विचारलं, कीड लागली होती का? त्या म्हणाल्या, न्हाई, गाल आत बसावे म्हणून पिक्चरवाल्यांनी काढायला लावल्या. मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. त्यात कागदी पोस्टरं होती घडी घातलेली, आणि सगळ्या पोस्टरांवर त्याच होत्या.

पुढं थंडीच्या दुपारी उन्हात खुर्च्या टाकून आम्ही दोघी बसायचो आणि त्या तुकड्यातुकड्यानं सांगायच्या. वडील नव्हते. आई एका बंदराच्या गावात लाँड्रीत इस्त्री करायची. अठराव्या वर्षी त्या पॅरिसला टोप्यांच्या दुकानात लागल्या. एक दिग्दर्शक बायकोसाठी टोपी घ्यायला आला आणि टोपीऐवजी यांच्याकडेच बघत राहिला. पहिल्या सिनेमात तीन वाक्यं मिळाली. चौथ्या सिनेमात पोस्टरवर चेहरा आला. ते पोस्टर लाँड्रीच्या समोरच्याच भिंतीवर लागलं. आईनं पत्र लिहिलं, त्यात एवढंच विचारलं होतं की गळ्याशी कापड कमी पडलं का. हे सांगताना मादाम दर वेळी हसायच्या. आठ वर्षांत अकरा सिनेमे केले, म्हणायच्या. नाव बदललं, दात काढले, केस तर इतक्यांदा रंगवले की मूळ रंग कोणता ते आईलाच विचारावं लागलं असतं.

सहाव्या सिनेमाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यात त्या खेड्यातल्या मोलकरणीचं काम करत होत्या. ती मुलगी शेवटी नदीत चालत जाते. दिवस कडाक्याच्या थंडीचे, नदीच्या कडेला बर्फ. दिग्दर्शकाला खरी थरथर हवी होती. मादाम पाण्यात शिरायच्या, बाहेर यायच्या, अंग पुसून कोरडे कपडे घालायच्या, की तो म्हणायचा "आंकोर". म्हणजे पुन्हा. असं सकाळपासून दुपारपर्यंत एकोणीस वेळा. त्यांना तेव्हा तिसरा महिना होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दुसरी मुलगी घेतली असती, आणि दुसरी मुलगी नेहमी बाहेर बाकावर बसलेलीच असायची. आठवड्याच्या आत मूल गेलं. नंतर पुन्हा कधी राहिलं नाही. त्या नदीच्या प्रसंगानंच त्यांचं नाव झालं.

पुढं आणखी पाच सिनेमे केले. शेवटच्या वेळी कुठल्याशा साध्या प्रसंगात, जिन्यावरून उतरण्याच्या, दिग्दर्शक सातव्यांदा आंकोर म्हणाला. त्या जिन्यावरून उतरल्या त्या उतरतच गेल्या. दाराबाहेर पडल्या, मेकअप न पुसता बसमध्ये बसल्या. ही बाई त्रास देते, अशी बोंब झाली आणि काम बंद झालं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी प्रधानसाहेब भेटले. साहेबांनी त्यांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्यांच्याशी लग्न करायला एवढं कारण पुरेसं होतं, असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी गोष्ट संपल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"घझिया, ते नदीचं पिक्चर मला परत कुनी दाखवायचं न्हाई. मी येडी झाले तरी न्हाई. तू हायेस ना हितं?"

मी म्हटलं, आहे.

विसरण्याचा आजार त्यांना आधीच लागला होता. मी त्यासाठीच तिथं होते. या आजारात माणूस शेवटचं शिकलेलं आधी विसरतो. मादामचं मराठी आधी पातळ झालं, मग एकेक शब्द गळत गेला. मग इंग्रजी गेलं. चौथ्या-पाचव्या वर्षी फक्त फ्रेंच उरलं, आणि ते ना मला येत होतं, ना हिरामावशींना. कानावर पडून पडून मला दहा-बारा शब्द कळायला लागले. ओ म्हणजे पाणी, फ्र्वा म्हणजे थंडी, माल म्हणजे दुखतंय. हिरामावशी सांगायच्या, मादाम ओ म्हनल्या की मी बी सैपाकघरातनं ओ द्यायची, लय दिसांनी कळलं की बाईला पानी पायजे. आम्ही हसायचो. पण संध्याकाळी मादाम लांबलचक काहीतरी बोलायच्या, उत्तराची वाट बघायच्या, आणि आम्ही दोघी माना हलवायचो, तेव्हा हसू येत नसे.

सहाव्या वर्षी उन्हाळ्यात निरंजनचा फोन आला. फ्रान्सची एक दिग्दर्शिका त्या काळातल्या, लोक विसरून गेलेल्या नट्यांवर माहितीपट करत होती. तिनं मादामचा पत्ता शोधून काढला होता. दोन दिवसांचं काम होतं. डॉक्टरांना विचारलं होतं, तेही म्हणाले की जुन्या गोष्टी दाखवल्या तर पेशंटला बरं वाटतं. मी म्हटलं, मादाम नको म्हणाल्या होत्या. निरंजननं विचारलं, असं कुठं लिहून ठेवलंय का? तो हे उर्मटपणे म्हणाला नाही. खरंच विचारत होता. लिहिलेलं काही नव्हतं.

नदीचं आणि मुलाचं मी त्याला सांगितलं नाही. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे आम्हाला शिकवतात, आणि मी ते कायम पाळलं. न सांगण्याचं हे एक कारण. दुसरं कारण मी इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नाही. सहा वर्षं मी त्या सिनेमांबद्दल ऐकत होते आणि एकाचाही तुकडा पाहिला नव्हता. ज्या बाईंचं मी रोज तोंड पुसत होते, त्या पंचविशीत कशा चालायच्या, कशा बोलायच्या, ते मला बघायचं होतं. मी निरंजनला म्हटलं, येऊ देत.

दिग्दर्शिकेचं नाव मातिल्द. पस्तिशीची असेल. नमस्कार करायला शिकून आली होती, चप्पल दाराबाहेर काढली, मादामच्या पायाशी जमिनीवर बसली. बरोबर कॅमेरावाला होता, आणि आवाज घ्यायला पुण्याची मुग्धा नावाची मुलगी, जिला फ्रेंच उत्तम येत होतं. पहिला दिवस फार चांगला गेला. मादामना सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या भाषेत उत्तरं मिळत होती. त्या मातिल्दच्या गालाला हात लावत होत्या. मी त्यांचे केस विंचरून आंबाडा घातला, निळा झगा घातला. हिरामावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, बघा, कशी राणी दिसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये दिवे लावले आणि मादामसमोर टेबलावर लॅपटॉप ठेवला. आधी दोन वेगळ्या सिनेमांचे तुकडे दाखवले. मादाम शांतपणे बघत होत्या, त्यांना स्वतःची ओळख पटत होती की नाही कुणास ठाऊक. मी कॅमेरावाल्याच्या मागं उभी होते. पंचविशीतल्या मादाम मी पाहिल्या. त्यांची मान वळवायची पद्धत तीच होती.

मग पडद्यावर नदी आली. मी लगेच ओळखलं. कडेचा बर्फ, मागं उघडी बोडकी झाडं. त्याच क्षणी मी लॅपटॉप बंद करायला हवा होता. मादामनी खुर्चीच्या हातावर भार दिला आणि उठायला लागल्या. मी पुढं झाले. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, त्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, "बसा मादाम, काही होत नाही."

तुकडा संपला. मातिल्दला तो परत दाखवायचा होता. ती हळू आवाजात, फार प्रेमानं म्हणाली, आंकोर.

मादाम उठल्या. सपाता काढून बाजूला ठेवल्या. अनवाणी, दोन्ही हात पोटाशी धरून, खुर्चीपासून खिडकीपर्यंत फरशीवरून चालत गेल्या. पाय असे टाकत होत्या की जणू खाली काही निसटतंय. अंग थरथरत होतं. बाहेर उन्हाची काहिली आणि त्यांचे दात वाजत होते. खिडकीशी उभ्या राहून त्या बारीक आवाजात एकच काहीतरी तीन-चारदा बोलल्या, मग परत येऊन खुर्चीत बसल्या. मातिल्दच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, साठ वर्षांपूर्वीचा प्रसंग बाईंना जसाच्या तसा आठवतोय. तिनं पुन्हा तोच शब्द उच्चारला. मादाम पुन्हा उठल्या.

त्यानंतर कुणी काही म्हणायची गरज उरली नाही. त्या आपणहून उठत होत्या, जात होत्या, तेच बोलत होत्या, येऊन बसत होत्या. पोटावरचे त्यांचे हात मला दिसत होते. ते हात तिथं का आहेत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सहाव्या वेळी त्यांचा झगा ओला झाला, पायांवरून फरशीवर ओघळ आला, तेव्हा मी शाल घेऊन पुढं गेले आणि "बास" म्हटलं. कॅमेरा लगेच बंद झाला. मातिल्दनं माझे हात हातात घेऊन आभार मानले.

त्या संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले तर मादामनी तोंड फिरवलं. मला वाटलं, दमल्यात. सकाळी आंघोळीला उठवायला खांद्याला हात लावला, तर त्या किंचाळल्या. मी सोडून दुसऱ्या कुणाला त्या घाबरत नव्हत्या. हिरामावशींच्या हातून खायच्या, त्यांच्या कुशीत डोकं ठेवायच्या. मी पांढरा एप्रन घालायचं सोडलं, केस वेगळे बांधले, पाठीमागून न जाता समोरून गेले. तीन आठवडे सगळं करून पाहिलं. या आजारात माणूस नाव विसरतो, चेहरा विसरतो, नवरा मेलाय हे विसरतो. मग ते दोन हात तेवढे कसे लक्षात राहिले, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भीती कधीकधी राहते.

कामशेतहून दुसरी सिस्टर आणली. तिला मीच सगळं शिकवलं, दाराच्या बाहेर उभी राहून, कारण आत गेले की मादाम थरथरायच्या. मग मी परंदवडीला घरी निघून आले. कामावरून मला कुणी काढलं नाही. पण माझ्या पेशंटला मी नको होते.

महिनाभरानं मुग्धा माझं घर शोधत आली. चहाचा कप तिनं बाजूला सारला. म्हणाली, शूटिंगच्या वेळी मला वाटलं मादाम सिनेमातले संवाद म्हणतायत, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. नंतर मी तो सिनेमा पूर्ण पाहिला. त्या प्रसंगात संवादच नाही. ती मुलगी एक शब्द न बोलता पाण्यात जाते.

"मग काय म्हणत होत्या त्या?" मी विचारलं.

"साहेब, माझ्या पोटात मूल आहे. आता नको."

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती ऐकून रडली. मला रडू आलं नाही. मी चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले. जे त्या दिवशी नदीवर त्यांनी सांगितलं नाही, ते म्हातारपणी माझ्यासमोर सहा वेळा सांगितलं. मूल होतं हे मला माहीत होतं आणि भाषा मुग्धाला येत होती. आम्ही दोघी त्या खोलीत एकमेकींपासून चार हातांच्या अंतरावर उभ्या होतो.

मुग्धानं माझ्या सांगण्यावरून मातिल्दला कळवलं आणि तेवढा भाग काढायची विनंती केली. मातिल्दचं लांब उत्तर आलं. तिला फार वाईट वाटलं होतं, ते खोटं नसावं. पण तिचं म्हणणं, आता तर हा भाग ठेवलाच पाहिजे, या बाईंवर काय गुदरलं ते जगाला कळू दे. मी निरंजनकडे गेले. त्यानं परवानगीवर सही केलेली होती. तो डोकं धरून बसला, मग म्हणाला, "रझियाताई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"



माहितीपट पुढच्या वर्षी आला. तिकडं लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, असं मुग्धानं कळवलं. मी तो फोनवर एकदा पाहिला. मादामचं वाक्य खाली अक्षरांत येतं. त्याच्या आधी दोन हात दिसतात, मनगटापर्यंत, खांदे दाबून त्यांना खुर्चीत बसवणारे. माझा आवाजही आहे. मी जे मराठीत म्हटलं, त्याचंही खाली भाषांतर दिलंय.

पण मादाम त्याच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या. थंडीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला हिरामावशींचा फोन आला. नवी सिस्टर सुट्टीवर होती. निरंजन पुण्याहून निघाला होता. मावशी म्हणाल्या, "शिस्टर, मादाम गेल्या. तुमीच या. दुसऱ्या कुनाचा हात नगं."

मी गेले. खोलीचं दार उघडताना सवयीनं उंबऱ्यावर थांबले, मग आत शिरले. हिरामावशींनी बादलीत नळाचं पाणी आणून ठेवलं होतं. मी ते परत गॅसवर ठेवलं. मावशी म्हणाल्या, आता गरम कशाला? पाणी चांगलं ऊन झाल्यावर टॉवेल बुडवून पिळला. चेहरा पुसला, मान पुसली, हात पुसले, पोट पुसलं.

मग पाठ पुसायची होती. मी खांद्याखाली हात घातला आणि त्यांना माझ्याकडे वळवून धरलं. मावशी पाठ पुसत होत्या. मावशींचं पुसून झालं तरी मी बराच वेळ मादामना तशीच धरून होते.